हल्ल्यातून वाचलेल्यांचे म्हणणे कसे वाचावे : इस्रायल–पॅलेस्टाइन संघर्षातील साक्षींसाठी एक मार्गदर्शिका

इस्रायल–पॅलेस्टाइन संघर्षाविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यातला बराचसा भाग नकाशे, ठराव आणि युद्धांच्या सनावळ्यांचा असतो आणि उरलेला वाहिन्यांवरच्या वादावादीचा. ज्यांच्यावर प्रत्यक्ष हल्ला झाला आणि जे त्यातून वाचले, त्यांचे म्हणणे या दोहोंत फारसे सापडत नाही. वास्तविक हा ऐवज आज मुबलक आहे. न्यायालयातील जबान्या, तासातासाच्या मुलाखती, जाहीर सभांतील भाषणे आणि पत्रकार परिषदांच्या चित्रफिती कोणालाही घरबसल्या पाहता येतात. अडचण आहे ती वाचण्याच्या शिस्तीची. अशी साक्ष एकतर डोळे पुसत पुढच्या गटात ढकलली जाते, नाहीतर ‘हा त्यांच्या बाजूचा माणूस’ असे म्हणून बाजूला सारली जाते, आणि दोन्ही वेळा ती नीट ऐकली गेलेली नसते. पुढील सूचना स्वतःपुरते वाचणाऱ्यासाठी आहेत, तशाच महाविद्यालयात किंवा ग्रंथालयात या विषयावर चर्चा घडवून आणणाऱ्यासाठी आणि अशा मुलाखतींचा मराठीत अनुवाद करू पाहणाऱ्यासाठीही आहेत.

या सगळ्यांच्या मुळाशी एक भूमिका आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. आपल्यावर काय गुदरले याविषयी वाचलेल्या माणसाचा शब्द सर्वांत वजनदार असतो. पण त्यावरून त्याने काढलेला राजकीय निष्कर्ष इतर कोणाच्याही निष्कर्षाप्रमाणे तपासून घ्यावा लागतो. जखम खरी आहे म्हणून त्यातून निघालेले धोरण योग्य ठरत नाही, आणि धोरण पटले नाही म्हणून जखम खोटी ठरत नाही.

बोलणारा कोण, हे आधी ठरवावे

‘पीडित’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळी माणसे येतात. स्वतः हल्ल्यात सापडून वाचलेला, हल्ल्यात जवळचे माणूस गमावलेला, ओलीस राहून परतलेला आणि हल्ल्यानंतर मदतीला धावलेला. चौघांना दिसलेले वेगळे असते. मुलगी गमावलेला बाप स्फोटाच्या जागी नव्हता; तो सांगतो ते रुग्णालयांतून आणि अखेर शवागारात संपलेल्या शोधाविषयी, आणि त्यापुढच्या वर्षांविषयी. मदतकर्त्याला हल्ला दिसलेला नसतो, त्याच्या खुणा दिसलेल्या असतात, आणि खुणांवरून केलेला तर्क बोलण्याच्या ओघात ‘मी पाहिले’ या रूपात बाहेर पडणे मुळीच अशक्य नाही. म्हणून टिपण काढायला बसताना पहिल्या ओळीत या चौघांपैकी कोण बोलत आहे ते लिहावे.

‘वाचलेला’ कोणाला म्हणायचे हेही तिथे सरळ नाही. इस्रायलमध्ये १९७० च्या एका कायद्यानुसार शत्रुत्वाच्या कृत्यांना बळी पडलेल्यांची अधिकृत वर्गवारी आहे. तीत नाव लागले की राष्ट्रीय विमा संस्थेकडून निर्वाहवेतन आणि उपचारांचा खर्च मिळतो, आणि मृतांची नावे जेरुसलेममधील माउंट हर्झलच्या स्मारकभिंतीवर येतात. २ जुलै २०१४ रोजी पूर्व जेरुसलेममधील शुआफात येथून मोहम्मद अबू खदेर या सोळा वर्षांच्या पॅलेस्टिनी मुलाला ज्यू हल्लेखोरांनी पळवून नेले आणि जिवंत जाळले. त्याला दहशतवादाचा बळी म्हणून मान्यता मिळाली, पुढच्या वर्षी त्याचे नाव त्या भिंतीवर आले, आणि कुटुंबाने ते नको म्हटल्यावर काढण्यातही आले. ३१ जुलै २०१५ च्या पहाटे नाब्लुसजवळच्या दुमा गावात दवाबशा कुटुंबाचे घर पेटवून देण्यात आले. दीड वर्षाचा अली जागीच गेला, आईवडील पुढच्या काही आठवड्यांत गेले, आणि चार वर्षांचा अहमद तेवढा भाजलेल्या अंगाने मागे राहिला. या गुन्ह्यासाठी अमिराम बेन-उलिएल याला इस्रायली न्यायालयाने २०२० मध्ये तीन जन्मठेपा सुनावल्या. परंतु इस्रायलचा नागरिक किंवा रहिवासी नसल्यामुळे अहमद त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, अशीच सरकारची भूमिका राहिली. तेव्हा ‘दहशतवादी हल्ल्यातून वाचलेले’ असा शोध घेतला की एकाच बाजूची नावे का वर येतात, याचे एक कारण अशा नोंदवह्यांतही आहे. वाचकाने दुसऱ्या बाजूची नावे मुद्दाम शोधावी लागतात.

विमानातून किंवा रणगाड्यातून झालेल्या माऱ्यात वाचलेल्यांना या वर्गात घ्यावे की नाही, यावर चर्चामंडळात हमखास खडाजंगी होते. गाझामधील डॉक्टर इझ्झेलदिन अबुलैश इस्रायली रुग्णालयांतही काम करत असत. १६ जानेवारी २००९ रोजी जबालिया येथील त्यांच्या घरावर रणगाड्याचे गोळे पडून त्यांच्या तीन मुली आणि एक पुतणी ठार झाल्या. काही क्षणांतच त्यांनी एका इस्रायली पत्रकाराला केलेला दूरध्वनी थेट प्रक्षेपणात ऐकवला गेला. कायद्याच्या भाषेत हा लष्करी कारवाईचा प्रश्न आहे, आणि लष्करी कारवाई व दहशतवादी हल्ला यांतला भेद पुसू नये असे माझे मत आहे. मात्र ऐकून घेण्यापुरता तो भेद बाजूला ठेवता येतो. ज्या मंडळात अबुलैश यांचे बोलणे ‘हे आपल्या विषयात बसत नाही’ म्हणून वगळले जाते, तिथे पुढची चर्चा लंगडीच होते.

पाहिलेले, ऐकलेले आणि मागितलेले वेगळे करावे

टिपणवहीच्या पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात त्या माणसाने स्वतः पाहिलेले किंवा भोगलेले, दुसऱ्यात त्याला इतरांकडून कळलेले, आणि तिसऱ्यात त्याची मते व मागण्या. हे किती अवघड आहे आणि किती उपयोगी आहे, ते एका उदाहरणाने सविस्तर पाहू.

योखेवेद लिफशिट्झ या ८५ वर्षांच्या बाई गाझाच्या सीमेलगतच्या नीर ओझ या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीवस्तीत, राहत होत्या. सुमारे चारशे वस्तीच्या या गावातील जवळजवळ चौथा हिस्सा माणसे, गाझावर सत्ता असलेल्या हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी केलेल्या हल्ल्यात, एकतर मारली गेली किंवा पळवली गेली. त्या आणि त्यांचे पती ओदेद, दोघेही ओलीस झाले. २३ ऑक्टोबरच्या रात्री त्यांची आणि त्यांच्या एका शेजारणीची सुटका झाली, आणि दुसऱ्या दिवशी तेल अवीवमधील रुग्णालयात चाकांच्या खुर्चीत बसून त्या पत्रकारांशी बोलल्या. त्या हिब्रूत बोलत होत्या आणि लेक इंग्रजीत सांगत होती. आपण नरकातून आलो, असे त्या म्हणाल्या. मोटारसायकलवर आडवे टाकून नेताना काठीचे तडाखे बरगड्यांवर बसले आणि श्वास घेणे कठीण झाले, हे त्यांनी सांगितले. पुढे ओल्या जमिनीवरून भुयारांच्या जाळ्यातून चालवत नेल्याचेही सांगितले. त्याच बैठकीत त्यांनी हेही सांगितले की भुयारात गेल्यावर वागणूक सौम्य होती, गादी मिळाली, डॉक्टर येऊन पाहत असे, औषधे आणली जात, स्वच्छतागृहे पहारेकरी साफ करत आणि जेवण जे त्यांचे तेच आमचे, म्हणजे पिटा, पांढरे चीज आणि काकडी. आणि मग त्या आपल्या सरकारवर घसरल्या: गाझातून सोडलेले पेटते फुगे शेतांवर येत होते तेव्हाचे इशारे कोणी मनावर घेतले नाहीत, आणि एवढा पैसा ओतून उभारलेले कुंपण काही कामाला आले नाही.

त्या दिवशी जगभर या साक्षीचे दोन तुकडे झाले. एका बाजूने काठ्या उचलल्या, दुसरीने काकडी आणि औषधे. सुटकेच्या क्षणी त्यांनी मुखवटाधारी पहारेकऱ्याचा हात हातात घेऊन ‘शालोम’ म्हटल्याची चित्रफीत हमासनेच प्रसारित केलेली होती, त्यामुळे दुसऱ्या तुकड्याला आणखी जोर चढला. इस्रायलमधील काही भाष्यकारांनी तर या बाईंना बोलू देणे हीच प्रचारातली चूक होती असे म्हटले, आणि हे वाचून कोणालाही थोडे चमकायला होईल. आता वरचे तीन रकाने भरून पाहावेत. मार, भुयार, गादी, औषधे हे सगळे पहिल्या रकान्यात जाते, आणि त्यातले काहीही दुसऱ्या कशाला खोडत नाही. पळवून नेणारे आणि पहारा देणारे वेगळे होते, एवढे लक्षात घेतले की विसंगती उरतच नाही. मात्र ही वागणूक त्यांच्या गटापुरती आणि त्या सुमारे सतरा दिवसांपुरती. नंतर सुटलेल्या अनेकांनी उपासमार, साखळदंड आणि लैंगिक छळ यांच्या कहाण्या सांगितल्या, त्यांना ही साक्ष उत्तर देत नाही आणि त्यांनी हिला बाधही येत नाही. कुंपणाविषयीचे आणि इशाऱ्यांविषयीचे म्हणणे तिसऱ्या रकान्यात येते. ते अनुभवी सीमावासी बाईचे मत म्हणून महत्त्वाचे आहे, तरीही ते पडताळायला लष्कराच्या चौकशीचे निष्कर्षच पाहावे लागतील.

स्मरणाविषयीही थोडे धोरण ठेवावे. हल्ल्यात सापडलेल्या माणसाला एखादा वास, आवाज किंवा हल्लेखोराच्या पायातला बूट लख्ख आठवतो आणि सगळे किती वेळ चालले होते हे मात्र धड सांगता येत नाही. दोन साक्षीदारांच्या बोलण्यात हल्लेखोरांची संख्या जुळली नाही, म्हणजे कोणी खोटे बोलले असे होत नाही. उलट वर्षानुवर्षे व्यासपीठांवर सांगून घोटीव झालेली कहाणी शक्यतो तिच्या पहिल्या रूपाशी ताडून पाहावी, कारण सांगून सांगून कथनाला एक साचा येतो आणि साच्यात न बसणारे तपशील गळून पडतात.

दुसऱ्या रकान्यातला मजकूर सर्वांत धोक्याचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘चाळीस अर्भकांचा शिरच्छेद’ ही बातमी जगभर फिरली. ती सैनिकांकडून वार्ताहराकडे आणि तिथून पुढाऱ्यांच्या तोंडी गेली होती, आणि तिला पुरावा मिळाला नाही. त्याच महिन्यात १७ तारखेला गाझातील अल-अहली रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला, तेव्हा इस्रायली हवाई हल्ला म्हणून बातमी फिरली. पुढे अनेक देशांच्या गुप्तचर यंत्रणांनी आणि ह्युमन राइट्स वॉच या संस्थेनेही तो भरकटलेल्या पॅलेस्टिनी रॉकेटचा स्फोट असण्याची शक्यता अधिक मानली. पहिली बातमी खोटी ठरली म्हणून ७ ऑक्टोबरला अत्याचार झालेच नाहीत असे म्हणणारे भेटतात. त्या दिवशी सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ ओलीस नेली गेली. लैंगिक अत्याचार अनेक ठिकाणी झाल्याचे मानायला वाजवी आधार आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधी प्रमिला पॅटन यांनी मार्च २०२४ च्या अहवालात नोंदवले आहे. तसेच दुसरी बातमी डळमळली म्हणून गाझातील मृत्यू हा सगळा बनाव, असे म्हणणारेही भेटतात. जुलै २०२५ च्या अखेरीस तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीतील मृतांची संख्या ६०,००० च्या वर गेली होती. एका अफवेचे खंडन हे संपूर्ण घटनेचे खंडन समजू नये, हे मंडळाच्या पहिल्याच बैठकीत सांगून टाकलेले बरे.

प्रत्येक साक्षीवर दोन तारखा घालाव्यात

एक तारीख हल्ल्याची आणि दुसरी बोलण्याची. योखेवेद लिफशिट्झ यांच्याकडेच पुन्हा पाहिले तर हे कळते. हे दांपत्य आयुष्यभर शांततेच्या चळवळीत होते, गाझातील आजारी माणसांना सीमेवरून इस्रायली रुग्णालयांत पोचवण्याच्या कामात होते. सुटकेनंतर काही आठवड्यांनी त्यांनी सांगितले की भुयारात हमासचा नेता याह्या सिनवार आला, तेव्हा इतकी वर्षे शांततेची बाजू घेणाऱ्या माणसांशी असे वागायला लाज कशी वाटली नाही, असे आपण त्याला विचारले, आणि तो गप्प राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओदेद यांचा मृतदेह परत आला. अंत्यविधीच्या वेळी त्या म्हणाल्या त्याचा आशय असा होता की आम्ही शांततेसाठी झगडलो आणि ज्यांना मदत केली त्यांच्याकडूनच घाव बसला. ऑक्टोबर २०२३ चे ‘शालोम’ आणि फेब्रुवारी २०२५ चा हा उद्गार एकाच बाईचे आहेत. यांतला ‘खरा’ कोणता, असा निवाडा करण्याची वाचकाला गरज नाही. तारीख लिहिली की पुरे.

आकड्यांनाही तारीख लागते. ९ ऑगस्ट २००१ रोजी जेरुसलेममध्ये जाफा रस्ता आणि किंग जॉर्ज रस्ता जिथे मिळतात तिथल्या स्बारो या उपाहारगृहात आत्मघाती स्फोट झाला. मृतांची संख्या कुठे १५ वाचायला मिळते, कुठे १६. दोन्ही बरोबर आहेत, कारण त्यात जखमी झालेली एक महिला जवळजवळ २२ वर्षे बेशुद्धावस्थेत राहून २०२३ मध्ये मृत्यू पावली. असा फरक दिसला की लगेच ‘आकडे फुगवले’ म्हणून उडी मारू नये.

तिसरी एक तारीख बोलणाऱ्याच्या मनात असते, आणि ती ओळखणे सर्वांत मोलाचे: त्याच्या मते हे सगळे कधी सुरू झाले? २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमजानच्या शुक्रवारी, हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत बारूख गोल्डस्टाइन या ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्यांवर गोळ्या झाडून २९ जणांना ठार केले. त्यानंतर शहरात संचारबंदी लागली ती पॅलेस्टिनी रहिवाशांवर, मशिदीची मुस्लिम आणि ज्यू यांच्यात वाटणी झाली आणि शुहादा रस्त्यावरची त्यांची वहिवाट टप्प्याटप्प्याने बंद झाली. मशिदीतून वाचलेल्याच्या बोलण्यात म्हणूनच हल्ल्यापेक्षा नाकेबंदी जास्त जागा व्यापते, आणि हे विषयांतर आहे असे समजणारा श्रोता त्याचे अर्धे म्हणणे गमावतो. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अफुला आणि हादेरा येथे हमासने बसगाड्यांवर स्फोट घडवले. तिथे वाचलेल्या इस्रायली माणसाच्या आठवणीत मात्र एप्रिलच पहिला असतो: इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातील ऑस्लो शांतता करारावर सह्या होऊन वर्षही झाले नव्हते आणि बस पेटली. दोघांच्या मागे १९४८ (इस्रायलची स्थापना आणि पहिले युद्ध) आणि १९६७ (वेस्ट बँक व गाझा इस्रायलच्या ताब्यात गेले ते युद्ध) उभे असतात, पण वेगवेगळ्या चेहऱ्यांनी. एकाच्या घरात सुमारे सात लाखांच्या विस्थापनाची गोष्ट सांगितली जाते, तर दुसऱ्याच्या घरात छळछावण्यांची आणि पाच अरब देशांच्या चढाईची.

एकटी साक्ष वाचू नये, जोडीने वाचाव्यात

या मार्गदर्शिकेतली एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळावी. एकच साक्ष वाचली की तिचा निष्कर्ष जखमेतून आपोआप निघाल्यासारखा वाटतो. तशीच जखम झालेल्या दुसऱ्या माणसाची साक्ष शेजारी ठेवली की निष्कर्षात त्या माणसाची निवड किती आहे ते दिसू लागते.

सर्वांत बोलकी जोडी जेरुसलेमच्या मध्यभागातलीच आहे. ४ सप्टेंबर १९९७ रोजी बेन येहुदा रस्त्यावरील आत्मघाती हल्ल्यात स्मदार ही १३ वर्षांची मुलगी गेली. तिचे वडील रामी एल्हनान. स्बारोतल्या स्फोटात मल्की ही १५ वर्षांची मुलगी गेली. तिचे आईवडील फ्रिमेट आणि आर्नोल्ड रॉथ. दोन्ही जागा पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. एल्हनान पुढे ‘पेरेंट्स सर्कल’ या संस्थेत गेले. मुलगा हमासकडून मारला गेलेल्या यित्झाक फ्रँकेंथाल यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत आप्त गमावलेली शेकडो इस्रायली आणि पॅलेस्टिनी कुटुंबे एकत्र आहेत. लष्करी ताबा संपल्याशिवाय हे थांबणार नाही, असे एल्हनान सांगत आले. रॉथ दांपत्याचा रस्ता वेगळा. स्फोटाच्या कटातील अहलाम तमिमी २०११ मध्ये गिलाद शालित या सैनिकाच्या बदल्यात सोडलेल्या १,०२७ कैद्यांत बाहेर आली आणि जॉर्डनमध्ये गेली. मल्की अमेरिकन नागरिक असल्याने अमेरिकेने तमिमीवर खटला नोंदवला, जॉर्डनच्या न्यायालयाने २०१७ मध्ये तिला सोपवण्यास नकार दिला, आणि रॉथ दांपत्य आजवर त्यासाठी झगडत आहे. एकाला उदार आणि दुसऱ्याला सूडबुद्धीचे ठरवण्याचा मोह इथे होतो, तो आवरावा. मल्कीच्या नावाने रॉथ यांनी चालवलेली संस्था अपंग मुलांच्या कुटुंबांना मदत करते आणि त्यात ज्यूंबरोबर मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबेही असतात. न्यायालयात उभे करा, ही मागणी सूडाची नव्हे. कैद्यांच्या अदलाबदलीची किंमत कोण मोजतो, हा त्यांचा प्रश्न तर बिनतोड आहे.

पॅलेस्टिनी बाजूलाही अशीच फारकत दिसते. बस्साम अरामिन १७ व्या वर्षी इस्रायली लष्कराविरुद्धच्या कारवायांसाठी पकडले गेले आणि सात वर्षे तुरुंगात होते. त्यांनी पुढे माजी इस्रायली सैनिकांबरोबर ‘कॉम्बॅटन्ट्स फॉर पीस’ ही संघटना उभी करण्यात भाग घेतला. त्यानंतर, जानेवारी २००७ मध्ये, त्यांची दहा वर्षांची मुलगी अबीर अनाता येथे शाळेजवळ सीमा पोलिसाच्या रबरी गोळीने मारली गेली. दिवाणी न्यायालयाने राज्याला जबाबदार धरले, फौजदारी खटला मात्र उभा राहिला नाही. अरामिन शांततेच्या कामातून मागे हटले नाहीत. त्यांच्या शेजारी बस्साम शकआ यांना ठेवावे. नाब्लुसचे निवडून आलेले महापौर असलेल्या शकआ यांच्या मोटारीत २ जून १९८० रोजी ज्यू भूमिगत गटाने बॉम्ब ठेवला आणि त्यांचे दोन्ही पाय गेले. ते तडजोडीकडे वळले नाहीत. पुढे ऑस्लो कराराला आणि त्यातून आलेल्या पॅलेस्टिनी प्राधिकरणालाही त्यांनी विरोधच केला. दोघांपैकी एकालाच ‘खरा पॅलेस्टिनी आवाज’ म्हणून पुढे करणारा माणूस आपली पसंती सांगत असतो.

के विल्सन यांची साक्ष या संदर्भात जरूर वाचावी, कारण ती अनेकांना गैरसोयीची वाटते. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आणि इस्रायलमध्ये पर्यटन-मार्गदर्शक असलेल्या या बाईंवर डिसेंबर २०१० मध्ये बेत शेमेशजवळच्या जंगलात दोघांनी सुऱ्यांनी हल्ला केला. सोबतची मैत्रीण मारली गेली आणि या मेल्याचे सोंग घेऊन वाचल्या. हल्लेखोरांच्या कुटुंबांना पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडून मिळणाऱ्या मासिक रकमेविरुद्ध त्यांनी मोहीम चालवली. ही मागणी तिसऱ्या रकान्यातली आहे, म्हणून दुसरी बाजू ऐकावी लागते: लष्करी न्यायालयांवर विश्वास नसलेल्या समाजात कैद्याच्या घरच्यांचा निर्वाह ही सामाजिक जबाबदारी मानली जाते. ती बाजू ऐकूनही, खुनासाठी शिक्षा जितकी लांब तितकी रक्कम मोठी, ही प्राधिकरणाने २०२५ मध्ये अध्यादेशाने रद्द केलेली पद्धत समर्थनीय वाटत नाही, असे मी म्हणेन. वाचकाने आपले ठरवावे.

७ ऑक्टोबरनंतरच्या जोड्याही आहेत. माओझ इनोन यांचे आईवडील त्या दिवशी नेतिव हअसारा येथे मारले गेले. अझीझ अबू सारा यांचा भाऊ ते लहान असताना इस्रायली तुरुंगातून सुटल्यावर मारहाणीच्या परिणामांनी मरण पावला होता. मे २०२४ मध्ये व्हेरोना येथे हे दोघे पोप फ्रान्सिस यांच्यासमोर एकत्र उभे राहिले. हे दृश्य मनाला भावते आणि म्हणूनच जपून वापरावे. असे लोक तिथे अल्पसंख्य आहेत आणि त्यांच्या वाटेत अडथळेही आहेत: दोन्हीकडच्या मृतांच्या संयुक्त स्मरणसभेला येऊ पाहणाऱ्या पॅलेस्टिनींना २०१८ आणि २०१९ मध्ये सरकारने परवाने नाकारले आणि ते सर्वोच्च न्यायालयातून मिळवावे लागले. आपल्याला आवडते ते प्रातिनिधिक समजू नये.

मुंबईची आठवण बाजूला ठेवावी

मराठी वाचक या साक्षींकडे रिकाम्या मनाने जात नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग मारले गेले आणि दोन वर्षांच्या मोशेला त्याची सांभाळ करणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी बाहेर काढले, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय रायगडच्या गावांतून गेलेले बेने इस्रायली ज्यू अश्दोद, बेअरशेबा, दिमोना इथे राहतात, आणि त्यांतली पहिली दोन शहरे गाझातून सुटणाऱ्या रॉकेटांच्या टप्प्यात येतात. मराठी बोलणाऱ्या घरांतही भोंगा वाजला की निवाऱ्याच्या खोलीकडे धावावे लागते. हा जिव्हाळा खरा आहे. पण २६/११ चे हल्लेखोर लष्कर-ए-तय्यबाचे, पाकिस्तानातून समुद्रमार्गे आलेले होते. वेस्ट बँकेतला ताबा, वसाहती, तपासणी नाकी, गाझाची नाकेबंदी यांचे उत्तर त्या घटनेत सापडत नाही. ‘आपणही भोगले आहे, तेव्हा आम्हाला सगळे कळते’ असे म्हणून चर्चा सुरू झाली की तिथला माणूस काय म्हणतो ते ऐकू येणे थांबते. ज्यांना तुलना करायचीच असेल त्यांनी ती शेवटच्या बैठकीसाठी राखून ठेवावी.

प्रश्न विचारताना आणि पुढे पाठवताना

अशा वक्त्यांशी दूरदृश्य प्रणालीवरून थेट संवाद घडवता येतो. तेव्हा सूत्रसंचालकाने श्रोत्यांचे प्रश्न आधी लिहून मागवावेत. ‘तुम्ही त्यांना माफ केलेत का?’ हा प्रश्न गाळावा. त्याचे कोणतेही उत्तर दिले तरी टाळीसाठी किंवा निषेधासाठी वापरले जाते. इस्रायली वक्त्याकडून नेतान्याहूंच्या धोरणाचा आणि पॅलेस्टिनी वक्त्याकडून हमासच्या कृत्यांचा जबाब पहिल्याच प्रश्नात मागू नये. विचारावे ते असे: हल्ल्यापूर्वी दुसऱ्या बाजूचे कोणी ओळखीचे होते का, नंतर सरकारी यंत्रणा कशी वागली, स्वतःच्या समाजातून तुमच्या मतांना विरोध कुठून होतो. वक्त्याला कोणी बोलावले, कोणत्या संस्थेने प्रवास घडवला, हे श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगावे. त्याने साक्ष खोटी ठरत नाही, पण तिसऱ्या रकान्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

अनुवादकाने मूळ भाषा कोणती ते नोंदवावे. हिब्रूतून किंवा अरबीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत आलेले वाक्य अवतरणचिन्हांत घालण्याऐवजी आशय म्हणून द्यावे. एकाच जागेला दोन नावे असतील, जसे हेब्रॉन आणि अल-खलील, तर वक्त्याने वापरलेले नाव त्याच्या तोंडी तसेच ठेवावे.

चित्रफीत पुढे पाठवण्यापूर्वी ती कोणी घेतली आणि कोणी प्रसृत केली हे पाहावे. हल्लेखोरांनी स्वतःच्या कॅमेऱ्यावर टिपलेली आणि ओलिसांना बोलायला लावून केलेली दृश्ये ही साक्ष नव्हे, कारण तिथे बोलणाऱ्याला नाही म्हणण्याची मुभा नव्हती. ती पाठवू नयेत आणि मंडळात दाखवूही नयेत. कापलेला अर्धा मिनिट हाती आला असेल तर मूळ मुलाखत शोधून तो कोणत्या मिनिटाला आहे ते लिहावे, त्याच्या आधीचा आणि नंतरचा प्रश्न ऐकावा, आणि मूळ सापडलेच नाही तर तो तुकडा चर्चेत आणू नये.